उडण्याआधी धावायला शिका

दिवाळीची सुट्टी जवळ आली की माजी विद्यार्थी आमच्याकडे सल्ला विचारायला येतात. पूर्वी प्रश्न असायचे पोहण्याचे, ट्रेकिंगचे, गड-किल्ल्यांचे. अलीकडे त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "सर, पंख लावून डोंगरावरून उडतात ना, ते शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?" मोबाइलवर कुणाचा तरी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाहिलेला असतो. खाली हिरवे डोंगर, निळे पाणी आणि वर रंगीत पंखाखाली लटकलेला हसरा माणूस.

मग दोन दिवसांनी त्याच मुलाच्या किंवा मुलीच्या अम्मीचा फोन येतो. "सर, हे असलं खूळ डोक्यातून काढा म्हणून तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतील."

दोघांचेही म्हणणे आम्हाला पटते. मुलांची हौस खोटी नाही आणि आईची भीतीही खोटी नाही. म्हणून हा लेख दोघांसाठी आहे. हँग ग्लायडिंग आणि पॅराग्लायडिंग म्हणजे नेमके काय, नवशिक्याने पहिले पाऊल कसे टाकावे आणि घरच्यांनी परवानगी देण्यापूर्वी काय विचारावे, हे साध्या शब्दांत सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

माणसाची जुनी हौस

इंजिनाशिवाय उडण्याची हौस आजची नाही. नवव्या शतकात कुर्तुबा, म्हणजे आजच्या स्पेनमधील कॉर्डोबा शहरात, अब्बास इब्न फिरनास नावाचे विद्वान होऊन गेले. सतराव्या शतकातील इतिहासकार अल-मक्करी यांनी त्यांच्या उड्डाणाची हकीकत नोंदवली आहे. अंगाला पिसे लावून आणि पंख बांधून ते उडाले, बरेच अंतर हवेत गेले, पण उतरताना त्यांच्या पाठीला दुखापत झाली. पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो आणि त्यांनी शेपूट लावलेच नव्हते, असे कारण त्या हकीकतीत दिले आहे. घटना आणि नोंद यांत सात शतकांहून अधिक अंतर आहे, त्यामुळे तिचा प्रत्येक तपशील तंतोतंत खरा मानता येणार नाही. पण तिच्यातला धडा आजही प्रत्येक शिकाऊ उड्डाणपटूला पहिल्या दिवशी दिला जातो. हवेत जाणे हे अर्धेच काम आहे, उरलेले अर्धे काम नीट उतरणे. चंद्रावरील एका विवराला आज इब्न फिरनास यांचे नाव आहे.

त्यानंतरचे मोठे नाव जर्मनीच्या ओटो लिलिएनथाल यांचे. पेशाने ते अभियंते होते. करकोच्यांच्या पंखांचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १८९१ पासून स्वतः बनवलेल्या पंखांवर प्रत्यक्ष उडायला सुरुवात केली. सुरुवातीच्या झेपा जेमतेम २५ मीटरच्या होत्या. १८९४ मध्ये बर्लिनजवळ त्यांनी सरावासाठी १५ मीटर उंचीची मातीची टेकडी उभी करून घेतली. वारा कोणत्याही दिशेचा असो, त्याच्याकडे तोंड करून धावता यावे म्हणून ती टेकडी सगळीकडून सारखी उतरती होती. पाच वर्षांत त्यांनी सुमारे २,००० उड्डाणे केली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी उड्डाणात त्यांच्या पंखाचे नाक वर उचलले गेले, वेग संपला आणि ते सुमारे १५ मीटरवरून कोसळले. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले.

अमेरिकेतील राइट बंधूंना या बातमीने विचारात पाडले. १९०३ साली त्यांनी इंजिनाचे विमान उडवले हे आपण शाळेत शिकवतो. पण त्याआधी १९०० ते १९०२ या काळात किटी हॉकच्या वाळूच्या टेकड्यांवर त्यांनी बिनइंजिनाच्या पंखांवर शेकडो वेळा सराव केला होता, हे मात्र सांगायचे राहून जाते. त्याच परिसरातील जॉकीज रिज या वाळूच्या टेकड्यांवर आजही नवशिके हँग ग्लायडिंग शिकतात. पडले तरी वाळूत पडतात.

आजच्या हँग ग्लायडरचा त्रिकोणी कापडी पंख फ्रान्सिस रोगॅलो आणि त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी १९४८ मध्ये तयार केला. त्याचा पहिला नमुना घरातल्या पडद्याच्या कापडाचा होता. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राफ्टन गावात जॉन डिकिन्सन यांनी त्याला खाली त्रिकोणी दांडी जोडली. माणूस पंखाखाली लटकून, ती दांडी धरून आणि अंगाचा भार इकडेतिकडे करून पंख वळवू लागला. पॅराग्लायडिंग त्याहून अलीकडचे. १९७८ मध्ये फ्रान्सच्या मिएसी गावातील काही पॅराशूटवाल्यांनी विमानातून उडी मारण्याऐवजी डोंगराच्या उतारावरून धावत जाऊन पॅराशूट उघडले आणि तिथून हा खेळ वाढला.

दोन प्रकारचे पंख

हँग ग्लायडरला ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा असतो. वजन साधारण २५ ते ३५ किलो. माणूस त्याखाली पालथा लटकतो. हा पंख वेगवान आणि मजबूत असतो. २०१२ मध्ये अमेरिकेतील टेक्सासमध्ये डस्टिन मार्टिन यांनी एकाच उड्डाणात ७६४ किलोमीटर अंतर कापले. मुंबईहून नागपूर सरळ रेषेत याहून जवळ आहे.

पॅराग्लायडरला सांगाडा नसतो. तो कापडाचा पंख आहे. त्याच्या पुढच्या काठातून हवा आत शिरते, ती आत भरून राहते आणि पंखाला आकार येतो. खाली दोऱ्या आणि दोऱ्यांना जोडलेली बसायची झोळी, तिला हार्नेस म्हणतात. सगळे सामान पाठीवरच्या एका मोठ्या पिशवीत मावते. दोन्ही हातांतल्या दोऱ्या म्हणजे त्याचे ब्रेक. उजवी दोरी ओढली की पंख उजवीकडे वळतो.

आपल्याकडे सर्वसामान्य माणसाला हँग ग्लायडिंगचे शिक्षण सहज मिळत नाही. पॅराग्लायडिंगचे मिळते. पण दोन्हींचा वारा एक, नियम एक आणि धोकेही बरेचसे सारखे. म्हणून हँग ग्लायडिंगची ओढ असलेल्या मुलांनाही आम्ही आधी पॅराग्लायडिंगच्या प्राथमिक वर्गाचा रस्ता दाखवतो.

हवेत टिकतो कसा?

बिनइंजिनाचा पंख सतत खालीच येत असतो, पण पुढे सरकत सरकत. नवशिक्याचा पॅराग्लायडर शांत हवेत एक मीटर खाली येताना साधारण आठ मीटर पुढे जातो. म्हणजे १०० मीटर उंचीच्या टेकडीवरून तो साधारण ८०० मीटर लांब जाऊन उतरेल आणि हे सारे सव्वा-दीड मिनिटात संपेल. व्हिडिओतला माणूस तासभर वर राहतो, कारण त्याला वर चढणारी हवा सापडलेली असते. वारा डोंगराला धडकून वर चढतो, ती एक. उन्हाने तापलेल्या माळावरून गरम हवा वर उठते, ती दुसरी. घार पंख न हलवता गोल गोल फिरत वर जाते, ती याच गरम हवेच्या खांबात. जुने उड्डाणपटू घारींवर नजर ठेवून असतात, ते उगाच नाही.

कामशेतचे तीन दिवस

महाराष्ट्रात या शिक्षणाचे जुने ठिकाण म्हणजे मावळातील कामशेत. पुणे-लोणावळा लोकलचे हे स्टेशन. मुंबईकडून येणाऱ्यांनी लोणावळ्याला उतरून लोकल पकडावी. भोवती भातखाचरे, पवना धरणाचे पाणी आणि बोडक्या टेकड्या. ऑक्टोबर ते मे हा इथला हंगाम. पावसाळ्यात उड्डाणे बंद.

एका हिवाळ्यात आमच्या पाच माजी विद्यार्थ्यांनी इथला प्राथमिक वर्ग केला. तीन मुलगे, दोन मुली. सगळी अठरा वर्षांपुढची. त्यांतल्या एकीच्या अम्मीची अट होती की सर आणि मॅडम सोबत असतील तरच. म्हणून आम्ही दोघे शिक्षक तीन दिवस टेकडीखाली सतरंजी टाकून बसलो.

पहिल्या दिवशी कुणीच उडाले नाही. सपाट माळावर पंख पसरायचा, दोऱ्या सोडवायच्या, गुंता नाही ना बघायचे, हार्नेस घालायचा आणि धावत पंख डोक्यावर आणायचा. तो डोक्यावर सरळ टिकेपर्यंत पुन्हा पुन्हा तेच. पंख कधी डावीकडे कलंडायचा, कधी मागेच राहायचा आणि धावणाऱ्याला धरून मागे खेचायचा. दुपारपर्यंत मुलांच्या अंगावर गवताची कुसळे आणि तोंडावर धूळ. एक मुलगा वैतागून म्हणाला, "सर, यापेक्षा पतंग बरा." पण उस्तादांचे म्हणणे स्पष्ट होते. जमिनीवर पंख ज्याच्या ताब्यात नाही, त्याच्या ताब्यात तो हवेत येणार नाही.

दुसऱ्या दिवशी छोटा उतार. इथे सगळ्यांची एकच खोड दिसून आली. पाय जमिनीवरून जरा उचलले की मुले धावणे थांबवून झोळीत बसायला बघायची. मग पंखाचा जोर जायचा आणि बसकण जमिनीवर. "धावत राहा, धावत राहा, पाय हवेत गेले तरी धावत राहा!" हे वाक्य त्या दिवशी आम्ही शंभरदा ऐकले असेल. संध्याकाळी एकेकाचे पाय जमिनीवरून दोन-तीन फूट सुटले, काही सेकंदांसाठी. पाचही चेहरे ईदचा चाँद दिसल्यासारखे उजळले.

तिसऱ्या दिवशी मोठ्या टेकडीवरून उडायचे होते. सकाळी सगळे वर जाऊन बसले. वारा आला, पण झटक्याझटक्याने. वारा दाखवणारी कापडी नळी, म्हणजे विंडसॉक, क्षणात ताठ व्हायची, क्षणात लोंबायची, मध्येच दिशा बदलायची. अकरा वाजले, बारा वाजले. एक मुलगा अस्वस्थ झाला. फी भरली आहे, आज शेवटचा दिवस आहे, एकदा तरी जाऊ द्या, असे तो म्हणू लागला. उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी त्या अम्मीच्या मुलीकडे पाहून विचारले, "तू सांग, जायचं का?"

ती थोडा वेळ विंडसॉककडे बघत राहिली. मग म्हणाली, "आज नको."

उस्तादांनी पंख गुंडाळायला सांगितले. मुले पायी खाली उतरली. घरी गेल्यावर अम्मीने विचारले, "मग, उडलीस का?" ती म्हणाली, "नाही, पण शिकले." तीन आठवड्यांनी ती पुन्हा गेली, या वेळी अब्बांबरोबर. वारा चांगला होता. टेकडीवरून उडून ती दीड मिनिटात खाली दोन पायांवर उतरली. तिच्या अम्मीने आम्हाला नंतर सांगितले की, ती उडाली यापेक्षा त्या दिवशी ती नको म्हणाली, या गोष्टीने आपली भीती कमी झाली.

वाऱ्याचा हिशेब

"आज नको" हे ठरवायचे कसे? थोडे गणित करू. समजा, पंखाला जमीन सोडण्यासाठी ताशी २५ किलोमीटर वेगाची हवा समोरून लागते. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा असेल तर आपल्याला फक्त १० च्या वेगाने धावायचे आहे, ते कोणालाही जमते. वाराच नसेल तर उतारावरून २५ च्या वेगाने धावावे लागेल. नवशिक्याला ते फार जड. आणि वारा पाठीमागून १० चा असेल तर ३५ च्या वेगाने धावावे लागेल. ते माणसाचे काम नाही. म्हणून उडताना तोंड वाऱ्याकडे आणि उतरतानाही तोंड वाऱ्याकडे. लिलिएनथाल यांनी सगळीकडून उतरती टेकडी बांधली ती याचसाठी.

समोरून वारा हवा, पण जास्तही नको. पंखाचा स्वतःचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास असतो. वारा तेवढाच झाला तर पंख हवेत जागच्या जागी उभा राहतो. त्याहून वाढला तर मागे, डोंगराच्या पलीकडे ढकलला जातो. तिथे हवा खाली कोसळत असते आणि भोवरे असतात. नुसत्या वेगापेक्षाही झटके अधिक वाईट. ताशी १५ चा सारखा वारा नवशिक्याला चालेल, पण ८ वरून २५ वर उडी मारणारा चालणार नाही. भर दुपारी माळ तापल्यावर असे झटके वाढतात, म्हणून शिकणाऱ्यांची वेळ सकाळची आणि संध्याकाळची.

दुसरा हिशेब पट्ट्यांचा. उडण्यापूर्वी दर वेळी क्रमाने हात लावून तपासायचे: हेल्मेट, छातीचा पट्टा, दोन्ही मांड्यांचे पट्टे, पंख आणि हार्नेस जोडणाऱ्या कड्या, दोऱ्या, वारा आणि समोरची मोकळी जागा. मांड्यांचे पट्टे लावायचे राहिले तर माणूस हवेत झोळीतून खाली सरकतो. हँग ग्लायडिंगमध्ये पंखाला स्वतःला अडकवलेच नाही आणि धावत सुटले, असेही जाणकारांच्या हातून घडले आहे. म्हणून तिथे धावण्यापूर्वी लटकून पाहतात. त्याला हँग चेक म्हणतात. शंभराव्या उड्डाणालाही तपासणी पहिल्या उड्डाणासारखीच करायची.

घरच्यांनी काय विचारावे?

पर्यटनस्थळी पैसे देऊन कुणाच्या पुढे बसून दहा मिनिटे फिरून येणे वेगळे आणि स्वतः शिकणे वेगळे. पहिल्याला टँडम म्हणतात. त्यात सगळे काही चालकाच्या हाती असते. एका पर्यटनस्थळी आमच्या एका नातेवाइकाला चालकाने सांगितले होते, "दोन मिनिटांचं काम आहे, हेल्मेटचं काय एवढं!" असे ऐकले की पैसे परत मिळोत न मिळोत, तिथून उठून यावे.

शिकायला पाठवायचे असेल तर हे प्रश्न जरूर विचारावेत.

शिकवणाऱ्याकडे प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र आहे का, कोणत्या संस्थेचे आणि आजही वैध आहे का? टँडम चालवण्याचा परवाना म्हणजे शिकवण्याचा परवाना नव्हे.

एका प्रशिक्षकाकडे किती विद्यार्थी? उडताना आणि उतरताना दोन्हीकडे माणूस असतो का? विद्यार्थ्याला रेडिओ देतात का?

पंख नवशिक्यांच्या वर्गाचा आहे का? युरोपीय चाचणीत पंखांना ए ते डी असे वर्ग देतात. नवशिक्याला ए. शेवटची तपासणी कधी झाली?

मोठ्या टेकडीवरून उडताना राखीव पॅराशूट असते का? हार्नेसला पाठ वाचवणारी गादी आहे का?

जवळचे रुग्णालय कोणते आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो?

वारा नसला किंवा वाईट असला तर उरलेले दिवस पुढे मिळतात का? हा प्रश्न फीचा वाटतो, पण खरे तर सुरक्षेचा आहे. पैसे बुडतील या भीतीने मुले नको त्या वाऱ्यात उडायला तयार होतात.

आणि आपली विमा पॉलिसी एकदा वाचून काढावी. अनेक पॉलिसींमध्ये साहसी खेळांतील दुखापत वगळलेली असते.

हिमाचल प्रदेशातील बीड-बिलिंगचे नाव मुलांच्या तोंडी असते. २०१५ मध्ये तिथे पॅराग्लायडिंगची विश्वचषक स्पर्धा झाली होती. पण तिथे उंची मोठी आणि हवेचे झोत जोरकस. आधी छोट्या टेकडीवर हात बसवावा, मोठे डोंगर नंतर.

मुली, कपडे आणि तब्येत

मुलींना हा खेळ जमणार नाही, असे आम्हाला कुणी कुणी सांगितले. आमच्या पाच जणांत पंख डोक्यावर सर्वांत आधी स्थिर केला तो एका मुलीने. यात ताकदीपेक्षा हलका हात आणि लक्ष लागते. शिवाय पंख वजनाप्रमाणे लहान-मोठे मिळतात.

कपडे पूर्ण बाह्यांचे, पायघोळ पण फार सैल नकोत. ओढणी नकोच, तिची टोके दोऱ्यांत किंवा कड्यांत अडकतात. डोके झाकणाऱ्या मुलींनी डोक्याला घट्ट बसणारा, टाचण्या नसलेला स्कार्फ घ्यावा. त्याची टोके शर्टाच्या आत खोचावीत आणि वरून हेल्मेट घट्ट बसते का ते पाहावे. घोट्याला आधार देणारे बूट हवेत. त्यांना हुक असतील तर चिकटपट्टी लावावी, कारण हुकांतही दोऱ्या अडकतात. चष्म्याला मागून दोरी बांधावी.

पाठीचे, गुडघ्याचे किंवा हृदयाचे दुखणे, फिट्स, चक्कर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये आणि शिक्षकांपासून काही लपवू नये. या हंगामात रमजान आला तर रोजा ठेवून उन्हात डोंगर चढण्या-उतरण्याचे आणि धावण्याचे हे शिक्षण घेऊ नये. ईदनंतरची तारीख घ्यावी. टेकड्या कुठे जात नाहीत.

आता मुलांना शेवटचे सांगणे. पहिल्या वर्गात फार उंच जाता येणार नाही, मित्रांना दाखवण्यासारखा व्हिडिओही कदाचित मिळणार नाही. गुडघे खरचटतील, एखादा दिवस वाट बघण्यातच जाईल. तो दिवस वाया गेला असे मानू नका. आणि पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी न उडता परत आली तर "मग गेलीस कशाला?" असे विचारू नका. त्या दिवशी वारा कसा होता, ते विचारा. उत्तर नीट देता आले, तर पुढच्या वेळची परवानगी द्यायला हरकत नाही.